कोंबड्यांचे भक्षक व त्यांपासून संरक्षण

परसात किंवा शेतवाडीत मोकळ्या सोडून पाळलेल्या कोंबड्या, त्यांची पिले व अंडी खाणाऱ्या प्राण्यांना कोंबड्यांचे भक्षक म्हणतात. यांत सस्तन प्राणी, पक्षी व सरपटणारे प्राणी या तिन्ही वर्गांतील प्राणी मोडतात. व्यापारी कुक्कुटशाळेत पक्षी सर्वकाळ बंदिस्त इमारतीत राहत असल्यामुळे तेथे हा प्रश्न गौण असतो. परसातील कोंबड्या मात्र दिवसभर घराभोवती चरतात व रात्री साध्या खुराड्यात बसतात. त्यामुळे रोग व भक्षक ही त्यांच्या हानीची दोन प्रमुख कारणे ठरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून सु. ८५.१८ कोटी होते, त्यांपैकी सु. ३१.७ कोटी परसातील होते आणि २०१२ च्या मानाने त्यांची संख्या सु. ४५.८ टक्क्यांनी वाढलेली होती. अल्प भांडवल, घरातील खरकटे व सांडलवंड यांवर होणारे पोषण आणि अडीअडचणीला हाती येणारा पैसा यांमुळे अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत या धंद्याला महत्त्व आहे. त्याची देखभाल बहुधा स्त्रियांकडे असते व अंड्यांचे उत्पन्नही पुष्कळदा त्यांच्याच हाती राहते. भक्षकांमुळे होणारी हानी एकेका पक्ष्याने होत असल्याने ती सहसा हिशेबात धरली जात नाही. प्रत्यक्षात ती मोठी असते. उदा., गावठी कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यांवर येते व दर खेपेस सु. १० ते १५ अंडी घालून खुडूक होते. १२ अंड्यांची रवण बसविली, तीतून ९ पिले निघाली आणि पुढील आठ आठवड्यांत दर आठवड्यास केवळ एक पिलू गेले, तरी अखेरीस एकच तलंग हाती राहते. रवणीस ठेवलेली अंडी, उबवणुकीचे २१ दिवस आणि पिलांच्या संगोपनात गेलेला सु. दोन महिन्यांचा काळ एवढा सर्व खर्च मग त्या एका पक्ष्यावर पडतो.

सर्व भक्षक एकाच वेळी व एकाच रीतीने हल्ला करीत नाहीत. स्थूलमानाने पाहता मोठ्या कोंबड्यांची हानी रात्री खुराड्यात होते, तर पिलांची हानी मुख्यतः दिवसा चरताना होते. या दोन्ही हानींची कारणे व उपाय भिन्न आहेत. भक्षकाला मारल्याने त्याची जागा दुसरा घेतो. म्हणून टिकाऊ संरक्षण हे भक्षकाच्या नाशावर नव्हे, तर कोंबडी त्याच्या आटोक्यात येऊ न देण्यावर अवलंबून असते.

कोंबडीची वर्तनवैशिष्ट्ये : पाळीव कोंबडी ही मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून (गॅलस गॅलस) उत्पन्न झालेली असून त्याच्या कित्येक सवयी तिच्यात टिकून आहेत. रानकोंबडा दिवसा झुडपांच्या आश्रयाने जमिनीवर चरतो व रात्री झाडावर बसतो. पाळीव कोंबड्यांनाही संध्याकाळी उंच जागी बसण्याची ओढ असते. त्यांची दृष्टी दिवसा तीक्ष्ण असते; पण मंद प्रकाशात त्यांना फारच कमी दिसते. त्यामुळे अंधार पडल्यावर त्या जागच्या हलत नाहीत आणि भक्षक जवळ आला तरी पळून जाऊ शकत नाहीत. दिवसा चपळपणे निसटणारी कोंबडी रात्री सर्वस्वी निवाऱ्याच्या मजबुतीवर अवलंबून असते.

दिवसा मात्र त्यांची सूचनाव्यवस्था प्रभावी असते. आकाशातून येणाऱ्या व जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबडे वेगवेगळे इशारे देतात. पहिला इशारा बारीक, लांबट व कोठून आला हे न उमगणारा असतो; तो ऐकताच कोंबड्या आडोशाला धावतात किंवा जागीच दबून वर पाहतात. दुसरा तुटक व मोठ्या आवाजातील कलकलाटासारखा असून तो ऐकल्यावर त्या मान उंच करून सावध उभ्या राहतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ध्वनिमुद्रित इशारे ऐकवून केलेल्या प्रयोगांनी या आवाजांचा अर्थभेद सिद्ध झाला आहे. कळपात एक जाणता कोंबडा ठेवण्याच्या जुन्या प्रथेला यामुळे आधार मिळतो.

रात्रीचे भक्षक : उदमांजर किंवा कांडेचोर (पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस) हा उत्तम चढणारा प्राणी असून तो कौलारू घरांच्या माळ्यावरही राहतो. फळे हे त्याचे मुख्य अन्न असले, तरी सैल कौल, उचकटलेला पत्रा किंवा छपराखालील फट यांतून तो खुराड्यात उतरतो. जवादी मांजर (व्हिव्हेरिक्युला इंडिका) प्रामुख्याने जमिनीवर वावरते. रानमांजर (फेलिस चाउस) उसाची शेते, गवताळ रान व पाणथळ जागांच्या आसपास आढळते. ते तिन्हीसांजेला व पहाटेही शिकार करते. कोल्हा (कॅनिस ऑरियस) खुराड्याच्या कडेची माती उकरून आत शिरतो. भटकी कुत्री कुडाच्या किंवा पातळ जाळीच्या भिंती दातांनी व वजनाने मोडतात. घुशी व उंदीर अंडी व लहान पिले पळवितात; शिवाय त्यांनी पाडलेल्या बिळांतून इतर भक्षकांना वाट मिळते. नाग (नाजा नाजा) अंडी व पिलांच्या शोधात खुराड्यात येतो. झाडावर किंवा छपरावर बसणाऱ्या कोंबड्यांना मोठ्या घुबडांचाही धोका असतो.

बंदिस्त जागेत शिरलेला सस्तन भक्षक पुष्कळदा खाण्याच्या गरजेपेक्षा अधिक पक्षी मारतो. पळून जाता न येणाऱ्या पक्ष्यांची फडफड चालू असेतोवर त्याची मारण्याची प्रेरणा जागृत राहते, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते. यामुळे एका रात्रीत सबंध कळप नष्ट होण्याचा संभव असतो. अर्धवट मजबूत खुराडे यासाठीच अधिक घातक ठरते. ते भक्षकाला बाहेर ठेवीत नाही आणि कोंबडीला मात्र बाहेर पडू देत नाही.

पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात बिबट्याही (पँथेरा पार्डस) वस्तीजवळ वावरतो. अकोले तालुक्यात (जि. अहिल्यानगर) बिबट्यांच्या विष्ठेवरून केलेल्या आहाराच्या अभ्यासात भक्ष्याच्या एकूण जैव वस्तुमानापैकी सु. ८७% वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला व त्यांत कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक (३९%) होता. कोंबडी हे त्याचे प्रमुख भक्ष्य नव्हे. तथापि अशा प्रदेशात राखणीसाठी रात्री बाहेर बांधलेला कुत्रा हाच बिबट्याला अंगणात आणण्यास कारण होऊ शकतो.

दिवसाचे भक्षक : मुंगूस (हर्पेस्टिस एडवर्ड्‌सी) हा दिनचर प्राणी असल्याने रात्री खुराडे बंद केल्याने त्याचा बंदोबस्त होत नाही. तो कुंपणाच्या झुडपांतून, दगडी बांधाच्या फटींतून व गवंडाच्या आडोशाने येतो, पिले उचलतो व प्रसंगी मोठी कोंबडीही मारतो. मुंगसाच्या अनेक जाती अंडे कठीण पृष्ठभागावर आपटून फोडतात. पक्ष्यांपैकी घार (मिल्व्हस मायग्रान्स) उघड्या अंगणातून पिलू उचलून नेते. शिक्रा झाडाच्या आडून जलद झेप घालतो. कावळा व डोमकावळा अंडी आणि अगदी लहान पिले पळवितात. कोंबडीचे लक्ष एका कावळ्याने वेधावे व दुसऱ्याने पिलू उचलावे, असाही प्रकार दिसून येतो. भारद्वाजही पिले व अंडी खातो. मोरघार व अन्य मोठे गरुड पूर्ण वाढलेली कोंबडी नेऊ शकतात. डोंगराळ व वनालगतच्या भागांत हा धोका अधिक असतो. कावळ्यांचा विणीचा हंगाम सामान्यतः एप्रिल ते जुलै असतो. त्या काळात त्यांना स्वतःच्या पिलांसाठी अन्न लागत असल्याने उन्हाळ्यात निघालेल्या कोंबडीच्या पिलांवरील त्यांचे हल्ले वाढतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी धामण (ट्यास म्युकोसा) व घोरपड (व्हारानस बेंगालेन्सिस) हे दिनचर आहेत. घोरपड अंडी व पिले खाते. धामणीचे मुख्य अन्न उंदीर व बेडूक हे असून ती क्वचित पिले गिळते. पाळीव मांजर मोठ्या कोंबडीच्या वाटेस सहसा जात नाही. परंतु एक-दोन आठवड्यांच्या पिलांना त्याच्यापासून जपावे लागते.

हल्ल्याच्या खुणा : योग्य उपाय योजण्यासाठी भक्षक ओळखणे आवश्यक असते. पुष्कळ पक्षी मारून न खाता इतस्ततः टाकलेले असल्यास बहुधा कुत्र्यांचा हल्ला समजावा. खुराड्याच्या कडेची माती उकरलेली असणे ही कुत्रा किंवा कोल्हा यांची खूण होय. मोठी कोंबडी नाहीशी होऊन पिसांचा माग कुंपणापर्यंत गेलेला असेल, तर कोल्हा किंवा रानमांजर संभवते. एकाच जागी उपटलेल्या पिसांचा गोल ढीग शिकारी पक्ष्याचा निदर्शक असतो. छपराची हालचाल झालेली असून पक्ष्यांच्या मानेवर व डोक्यावर चावे असल्यास उदमांजराचा संशय घ्यावा. मागे काहीही खूण न ठेवता अंडी नाहीशी होत असल्यास साप, घोरपड किंवा घूस कारण असू शकते; साप अंडे सबंध गिळतो, त्यामुळे कवचाचे तुकडे आढळत नाहीत. पिले दिवसा एकेक करून नाहीशी होत असल्यास घार, कावळा, मुंगूस व मांजर यांचा विचार करावा. खुराड्याच्या दाराशी रात्री बारीक राख किंवा चाळलेली माती पसरून ठेवल्यास सकाळी पावलांचे ठसे पाहता येतात.

केवळ खाल्लेला मृत पक्षी आढळला म्हणून तो भक्षकानेच मारला असे अनुमान काढणे योग्य नव्हे. रोगाने मेलेला किंवा मरणोन्मुख पक्षी भक्षकाच्या सहज हाती लागतो. राणीखेत रोगाने (मानमोडीने) किंवा पक्षी-इन्फ्ल्यूएंझाने अल्पावधीत अनेक पक्षी मरतात. पक्षी-इन्फ्ल्यूएंझाची भारतातील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उद्‌भवली होती. अंगावर चाव्याच्या खुणा नसताना अनेक पक्षी एकदम मेल्यास ते न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे आवश्यक असते.

रात्रीचा निवारा : महाराष्ट्रात कोंबड्या ठेवण्याच्या पारंपरिक पद्धतींत डालगे व खुराडे या दोन प्रमुख होत. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली. ती कोंबड्यांवर पालथी घालतात. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण याच प्रथेवरून पडली आहे. डालगे घरात किंवा पडवीत ठेवल्यास त्याचे संरक्षण चांगले असते. कारण संरक्षण डालग्यापेक्षा घराच्या भिंतीच करतात. तेच उघड्या अंगणात ठेवल्यास कुत्रे ते उलथून टाकू शकते. दगड-मातीचे, लाकडी किंवा कुडाचे खुराडे टिकाऊ असते. पण त्यात खालील गोष्टी पाळल्या गेल्या तरच ते सुरक्षित होते.

(१) जमीन : खुराडे जमिनीवर असल्यास तळ फरसबंदीचा किंवा सिमेंट काँक्रीटचा करावा. ते शक्य नसल्यास भिंतीच्या पायाशी ३० ते ४५ सेंमी. रुंदीची मजबूत जाळी जमिनीलगत बाहेरच्या बाजूस आडवी पसरून मातीने झाकावी. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी कडेशी उकरतो. तेथे जाळी लागल्यावर मागे सरून पुन्हा उकरण्याचे त्याला सुचत नाही. ६० ते ७५ सेंमी. उंचीच्या खांबांवर उभारलेले खुराडे ओल, घुशी व उकरणारे प्राणी या तिन्हींपासून मुक्त राहते. खांबांना गुळगुळीत पत्र्याचे वेष्टन किंवा उलट्या नरसाळ्याच्या आकाराची पत्र्याची झालर बसविल्यास उंदीर वर चढू शकत नाहीत.

(२) जाळी : बाजारात 'कोंबडीजाळी' या नावाने मिळणारी षट्‌कोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवण्यास पुरेशी असते, भक्षकाला बाहेर ठेवण्यास नव्हे. कुत्रा ती फाडतो. तिच्या मोठ्या छिद्रांतून उंदीर व साप आत येतात. खुराड्यासाठी चौकोनी छिद्रांची वेल्डमेश जाळी वापरावी व छिद्र सु. १२ मिमी. पेक्षा मोठे नसावे. ही जाळी महाग असल्यास निदान जमिनीपासून ६० सेंमी. उंचीपर्यंत व सर्व झरोक्यांना ती लावावी. जाळी चौकटीवर केवळ खिळे वाकवून न बसविता वरून लाकडी पट्टी ठोकून पक्की करावी. पक्षी बसण्याची दांडी जाळीपासून किमान ३० सेंमी. आत असावी, अन्यथा मांजर बाहेरून पंजा घालून पक्ष्याला ओढते.

(३) छप्पर व दार : कौले व पत्रे यांच्या खालील फटी बुजवाव्यात. खुराड्यावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे उदमांजराची वाट बंद होते. दार चौकटीत घट्ट बसणारे असावे व त्याला कडीकोयंडा असावा. दोरीने बांधलेले किंवा नुसता दगड टेकवलेले झाप कुत्रा सहज ढकलतो. अनुभवास येणारे पुष्कळ हल्ले मजबूत खुराड्याचे दार एखाद्या संध्याकाळी लावावयाचे राहून गेल्याने झालेले असतात.

(४) हवा : भक्षकांच्या भीतीने सर्व फटी गोणपाटाने बुजविल्यास उष्णता वाढते, विष्ठेतील अमोनिया साचतो व पक्ष्यांना श्वसनाचे विकार जडतात. उन्हाळ्यात अशा खुराड्यात पक्षी गुदमरून मरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींचा वरचा सु. एक-तृतीयांश भाग जाळीचा ठेवून पावसासाठी छपराच्या वळचणी ४५ ते ६० सेंमी. पुढे काढाव्यात. दर मोठ्या पक्ष्यामागे रात्रीपुरती सु. ०.१ चौ. मी. जागा व दांडीवर १५ ते २० सेंमी. लांबी पुरेशी होते.

नव्याने आणलेले पक्षी पाच ते सात दिवस खुराड्यातच ठेवून संध्याकाळचे दाणे रोज तेथेच टाकल्यास त्यांना तेथे परतण्याची सवय लागते. अंधार पडण्यापूर्वी पक्षी मोजून दार लावावे आणि चांगले उजाडल्यावर उघडावे. कारण रानमांजर व कोल्हा पहाटेच्या संधिप्रकाशात सक्रिय असतात. झाडावर बसण्याची सवय लागलेल्या कोंबड्यांना अंधार पडल्यावर उतरवून काही दिवस खुराड्यात ठेवावे लागते.

खुडूक कोंबडी व पिले : खुडूक कोंबडी २१ दिवस जवळजवळ सतत अंड्यांवर बसते व धोका असतानाही ती सहसा उठत नाही. झुडपात किंवा गवताच्या गंजीत लपवून घातलेल्या अंड्यांवर बसलेली कोंबडी म्हणूनच हमखास बळी पडते. कोंबडी दिवसातून काही काळ दिसेनाशी होऊ लागल्यास तिची अंडी घालण्याची जागा शोधून रवण घरात, बंद होणाऱ्या खोक्यात किंवा टोपलीत बसवावी. अंडी दिवसातून दोनदा गोळा केल्यास साप व घोरपड यांना येण्याचे कारण उरत नाही. खुराड्यात साप आढळल्यास हात न घालता प्रशिक्षित सर्पमित्रास बोलवावे. अंडे गिळलेला साप फुगल्यामुळे जाळीत अडकून पडलेलाही आढळतो.

पिलांना पहिले सहा ते आठ आठवडे सर्वाधिक धोका असतो. या काळातील पहिले तीन-चार आठवडे आई व पिले जाळीच्या फिरत्या पिंजऱ्यात ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. सु. २ मी. लांब, १ मी. रुंद व ६० सेंमी. उंच अशी लाकडी किंवा बांबूची चौकट करून तिला सर्व बाजूंनी व वरून जाळी लावतात. तळ उघडा ठेवतात. पिंजरा रोज थोडा सरकविल्याने पिलांना ताजे गवत व किडे मिळतात आणि विष्ठा एका जागी साचत नाही. त्याचा अर्धा भाग सावलीसाठी झावळ्यांनी किंवा गोणपाटाने झाकतात. तळ उघडा असल्याने हा पिंजरा केवळ दिवसाच्या वापरासाठी असून रात्री पिले घरात किंवा पक्क्या खुराड्यात हलविणे जरूर असते. दाणे टाकण्याची जागाही उघड्या अंगणात न ठेवता वरून आडोसा असलेली निवडावी. कारण पिले एकत्र जमण्याची ती जागा घार व कावळे हेरून ठेवतात.

मोकळ्या चरण्यातील संरक्षण : शिकारी पक्ष्यांपासून बचावाचे मुख्य साधन म्हणजे आडोसा. तो दर आठ-दहा मीटरवर मिळेल अशा बेताने झुडपे, केळीचे खुंट, पडवळ-दुधीचा मांडव किंवा बांबूच्या तट्ट्याचे ठेंगणे मांडव असावेत. याउलट खुराड्याच्या सभोवती मात्र दोन-तीन मीटर जागा स्वच्छ व उघडी ठेवावी. कारण दाट गवत, लाकडाचे ढीग व दगडांच्या राशी मुंगूस, घुशी व साप यांना लपण्यास सोयीच्या असतात. आडोसा चरण्याच्या जागेत आणि मोकळीक खुराड्याभोवती, असा हा भेद लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. लहान अंगणावर सु. ३० सेंमी. अंतराने आडव्या दोऱ्या ताणल्यास घारीच्या झेपेस अडथळा होतो; जुनी मासेमारीची जाळी पसरल्यास कावळेही येऊ शकत नाहीत, मात्र तीत अन्य पक्षी अडकत नाहीत ना हे रोज पाहावे लागते.

बुजगावणे, चमकणाऱ्या पट्ट्या, लुकलुकणारे दिवे यांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो; ती हलती व जागा बदलती ठेवली नाहीत, तर प्राणी त्यांना सरावतात. लहानपणापासून कोंबड्यांत वाढविलेला कुत्रा उत्तम राखणदार होतो. गिनी कोंबड्या व हंस अनोळखी हालचाल दिसताच मोठ्याने ओरडत असल्याने त्यांचा इशाऱ्यासाठी उपयोग होतो. परंतु ते स्वतः भक्षकाला रोखू शकत नाहीत.

अन्नाची सांडलवंड हे अनेक भक्षकांच्या आगमनाचे मूळ कारण असते. रात्री पडून राहिलेल्या दाण्यांवर उंदीर येतात व उंदरांमागे धामण, नाग व रानमांजर येतात. यासाठी दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे, संध्याकाळी उरलेले दाणे उचलणे, बिळे बुजविणे आणि मेलेले पक्षी व कापणीनंतरचे आतडी-पिसे खोल पुरणे हा संरक्षणाचाच भाग समजला पाहिजे.

पक्ष्यांची निवड : अंगाने जड, आखूड पायांचे व पांढऱ्या रंगाचे पक्षी मोकळ्या चरण्यास अयोग्य असतात, ते दुरून दिसतात व त्यांना जलद पळता येत नाही. गावठी कोंबड्यांचा मिश्र तपकिरी रंग, लांब पाय व थोडे उडण्याची क्षमता हे गुण संरक्षक असतात. हैदराबाद येथील संशोधन संस्थेत परसातील पालनासाठी निर्माण केलेल्या वनराजा या जातीतही रंगीत पिसारा व लांब पाय यांना याच कारणाने महत्त्व देण्यात आले आहे. मात्र सुधारित जातींची यंत्राने उबविलेली पिले आईविना वाढत असल्याने त्यांना धोक्याचे इशारे व आडोशाला पळणे शिकविणारे कोणी नसते, त्यांना सु. सहा आठवडे वयापर्यंत बंदिस्त ठेवूनच बाहेर सोडावे. पंख छाटल्याने पक्षी कुंपणाबाहेर जात नाहीत. पण त्यांची निसटून जाण्याची क्षमताही नष्ट होते.

अयोग्य उपाय व कायदा : भक्षकाचा सूड घेण्यासाठी मृत कोंबडीत विष घालून ठेवणे, फासे लावणे किंवा घरगुती वीजप्रवाह थेट कुंपणाच्या तारेत सोडणे हे प्रकार आढळतात. विषारी आमिष कोण खाईल यावर नियंत्रण नसते. पाळीव कुत्री, घुबडे व घारी त्याला बळी पडतात व लहान मुलांच्या जिवालाही धोका पोहोचतो. थेट वीज सोडलेल्या तारेने माणसे व गुरे मृत्युमुखी पडतात व असे करणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, बिबट्या, घोरपड, नाग, धामण व शिकारी पक्षी यांना संरक्षण दिले आहे. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारण्याबरोबरच विष घालणे, फास लावणे, सापळ्यात पकडणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची वगळण्यात आली. पूर्वी कावळ्याचा तीत समावेश होता. वन्य प्राणी खुराड्यात अडकलेला आढळल्यास त्याला वाट करून द्यावी किंवा वन विभागास कळवावे.

हे प्राणी केवळ उपद्रवी आहेत असे समजणेही चूक होय. रानमांजर, धामण, घुबड व मुंगूस यांच्या आहारात उंदीर-घुशींचा मोठा वाटा असून शेतातील व कोठारातील धान्य राखण्यास त्यांची मदत होते. मात्र स्वतःच्या मूळ प्रदेशाबाहेर नेल्यास तोच प्राणी अनर्थकारक ठरतो. उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या बंदोबस्तासाठी भारतातील लहान जातीची मुंगसे १८७२ मध्ये जमेका बेटात व १८८३ मध्ये हवाई बेटांत नेण्यात आली. तेथे त्यांनी उंदरांबरोबर जमिनीवर घरटी करणारे स्थानिक पक्षी व पाळीव कोंबड्या यांचाही फडशा पाडला आणि त्यांचे नियंत्रण ही स्वतंत्र समस्या होऊन बसली.

खर्चाची मर्यादा असलेल्या कुटुंबाने उपायांचा क्रम ठरविताना प्रथम रात्री पक्के बंद होणारे दार व फटी नसलेला तळ, नंतर पिलांसाठी जाळीचा पिंजरा व शेवटी चरण्याच्या जागेतील आडोसे यांकडे लक्ष द्यावे. एका लहान पिंजऱ्याचा खर्च त्याने वाचविलेल्या थोड्याच पिलांच्या किंमतीत भरून निघतो. दिवेलागणीपूर्वी पक्षी मोजून दार लावण्याच्या नित्यक्रमास तर काहीच खर्च येत नाही.